अप्रीतीचा गुन्हा : लोकमान्यांवरील तीन खटल्यांची कथा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीच्या पूर्वपीठिकेविषयी, कुलदैवतांविषयी किंवा एखाद्या कर्तृत्ववान पूर्वजाविषयी चार पाने असावीत, असा प्रघात आहे. तो स्तुत्यच होय. तथापि यंदा संपादक मंडळींच्या अनुमतीने प्रस्तुत लेखकाने थोडी निराळी वाट धरली आहे. ज्या स्वातंत्र्याच्या बळावर आपण संस्था काढतो, सभा भरवितो, वर्गणी जमवितो आणि स्मरणिका छापतो, ते स्वातंत्र्य आपल्याकडे कोणत्या मार्गाने आले, हे घरातील तरुण मुलामुलींस ठाऊक असावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. ही कथा प्रामुख्याने एका शब्दाची आहे. तो शब्द म्हणजे ‘अप्रीती’.

हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा पहिला मसुदा मेकॉलेसाहेबाने १८३७ साली तयार केला. त्यात राजद्रोहाचे कलम होते. परंतु १८६० साली कायदा मंजूर झाला तेव्हा ते कलम त्यात आढळले नाही. हे नजरचुकीने राहिले, असे सरकारतर्फे पुढे सांगण्यात आले. दहा वर्षांनी, १८७० साली, कायदेमंत्री जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी ही उणीव भरून काढली आणि १२४ अ हे कलम जन्मास आले. सरकारविषयी लोकांच्या मनात ‘डिसअफेक्शन’ उत्पन्न करणे हा गुन्हा ठरला. मराठी कायदेग्रंथांनी या शब्दास ‘अप्रीती’ असा प्रतिशब्द योजिला. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. प्रीतीचा अभाव हाही जर अपराध होऊ लागला, तर सासूवर प्रीती नाही म्हणून किती सुनांना आणि सुनेवर नाही म्हणून किती सासवांना तुरुंगाची वाट धरावी लागेल! विनोद बाजूस ठेवला, तरी बरोबर हाच प्रश्न १८९७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात उभा राहिला.

त्या वर्षी पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. रोगनिवारणासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष रँड यांच्या हुकमतीखाली गोऱ्या सोजिरांकडून घरोघर झडत्या चालल्या होत्या. प्लेग खरा होता आणि उपाय करणे अवश्य होते, हे केसरीनेही नाकारले नव्हते. टिळक स्वतः शहरात राहिले आणि हिंदू रुग्णांसाठी इस्पितळ काढण्यास त्यांनी हातभार लाविला. रोष होता तो उपायांच्या रीतीवर. १५ जूनच्या केसरीत शिवराज्याभिषेकाच्या उत्सवातील भाषणांचा वृत्तान्त आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता प्रसिद्ध झाली. पुढे एकच आठवडा गेला आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. त्यांच्याबरोबर लेफ्टनंट आयर्स्ट हाही मारला गेला. सरकारने या दोन तारखा एकमेकींस जोडल्या. खुनाच्या कटात टिळकांचा हात असल्याचा पुरावा नव्हता. म्हणून लेखणीवर खटला भरण्यात आला.

‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा केसरीतील लेख आज बहुतेकांस नावाने तरी ठाऊक असतो. आणि त्याच लेखाबद्दल टिळकांना शिक्षा झाली, असा समजही सार्वत्रिक आहे. तो चुकीचा आहे. तो अग्रलेख जुलै महिन्यातला, आणि आरोपपत्रात होता तो १५ जूनचा मजकूर. लोकांच्या स्मरणशक्तीने आपल्या आवडीचे शीर्षक निवडले, एवढेच म्हणावयाचे.

२७ जुलै १८९७ रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली. जामिनाचे अर्ज एकापाठोपाठ एक फेटाळले गेले. अखेर तरुण बॅरिस्टर दिनशा दावर यांनी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे अर्ज चालविला आणि ४ ऑगस्टला न्यायमूर्तींनी जामीन दिला. आरोपीस आपल्या बचावाची तयारी करण्याची पुरेशी संधी मिळाली पाहिजे, हे तत्त्व त्यांनी प्रमाण मानले. सरकारची मर्जी कोणीकडे आहे, हे त्यांस कळत नव्हते असे नाही. द्वारकादास धरमसी हे मुंबईतील धनिक गृहस्थ जामीन राहण्यास पुढे आले. पुण्याच्या एका ब्राह्मण संपादकासाठी एका पारशी वकिलाने युक्तिवाद केला, एका मुसलमान न्यायाधीशाने न्याय केला आणि एका गुजराती व्यापाऱ्याने हमी दिली. कलकत्त्याच्या बंगाली मंडळींनी तर वर्गणी जमवून पैसा आणि बॅरिस्टर असे दोन्ही पाठविले. ज्ञातीच्या स्मरणिकेत ही गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते.

खटला न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे चालला. ज्यूरीत नऊजण होते, सहा युरोपीय आणि तीन हिंदी. ज्यूरीस समजावून देताना स्ट्रेचीसाहेबांनी ‘डिसअफेक्शन’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ सांगितला. त्यात द्वेष, शत्रुत्व, नावड, तिरस्कार, किंबहुना सरकारविषयी कोणत्याही प्रकारची वाईट भावना येते, असे त्यांनी विवरण केले. लेखामुळे प्रत्यक्ष दंगा झाला की नाही हे पाहण्याची गरज नाही, तशी भावना चेतविण्याचा प्रयत्न पुरेसा आहे, असेही त्यांनी सांगितले. निकाल सहा विरुद्ध तीन असा झाला. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरी. केसरीचे मुद्रक मात्र सुटले. लंडनमध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे अपिलाची परवानगी मागण्यासाठी पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले ॲस्क्विथ उभे राहिले, परंतु परवानगी मिळाली नाही. वर्षभराने मॅक्समुल्लर आदी विद्वानांच्या अर्जावरून टिळकांची मुदतीपूर्वी सुटका झाली. दुसऱ्या बाजूने १८९८ साली सरकारने कलमात दुरुस्ती करून अप्रीतीच्या जोडीस ‘द्वेष’ आणि ‘तुच्छता’ हे शब्द बसविले. न्यायाधीशांनी ताणलेला अर्थ कायद्याच्या पोटात जाऊन बसला.

टिळकांच्या खटल्याच्या तेजात दुसरी एक घटना झाकोळून जाते, ती येथे सांगितलीच पाहिजे. टिळकांच्या पाठोपाठ पुण्यातील सरदार नातू बंधूंना पकडण्यात आले. त्यांच्यावर आरोप ठेविला नाही, खटला भरला नाही, साक्षीपुरावा घेतला नाही. १८२७ सालचा, एल्फिन्स्टनसाहेबांच्या काळचा एक जुना रेग्युलेशन फडताळातून काढला आणि त्याच्या आधारे त्यांना स्थानबद्ध केले, मालमत्तेवरही टाच आणली. १८९९ साली ते सुटले, पण आपला अपराध कोणता हे त्यांना कोणत्याही न्यायालयात कधीच कळले नाही. टिळकांना निदान न्यायासन, वकील आणि ज्यूरी मिळाली, आणि तीन मते त्यांच्या बाजूने पडल्याची नोंद इतिहासात राहिली. नातूंच्या बाबतीत नोंद ठेवण्यासारखे काही घडलेच नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोहोंपैकी दुसरा प्रकार अधिक भयावह होय.

आता १९०८. काळ बदलला होता. वंगभंगाची चळवळ पेटली होती. ३० एप्रिलला मुझफ्फरपूर येथे बाँब फेकला गेला आणि त्यात केनेडी नावाच्या दोन निरपराध स्त्रिया प्राणास मुकल्या. १२ मेच्या केसरीत ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनला ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख आले. बाँब हा निषेधार्ह खराच, परंतु दडपशाहीने तो थांबणार नाही, लोकांस राज्यकारभाराचे हक्क देणे हाच खरा उपाय, असा त्यांचा एकंदर रोख होता. २४ जूनला मुंबईच्या सरदारगृहात टिळकांना अटक झाली. घराच्या झडतीत एक पोस्टकार्ड सापडले, त्यावर स्फोटक द्रव्यांवरील दोन पुस्तकांची नावे होती. सरकारने ते मोठ्या डौलाने पुराव्यात दाखल केले. नुकत्याच झालेल्या स्फोटक द्रव्यांच्या कायद्यावर लिहावयाचे म्हणून ती नावे टिपून ठेविली होती, असे टिळकांचे उत्तर होते. संपादकाच्या टेबलावर असली टिपणे नसतील तर दुसरे काय असणार?

दैवयोग असा, की या वेळी न्यायासनावर बसले होते तेच दिनशा दावर, ज्यांनी अकरा वर्षांपूर्वी टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता. या वेळी जामिनाचा अर्ज बॅरिस्टर जिना यांनी चालविला आणि न्यायमूर्ती दावर यांनी तो नाकारला. यावरून दावरांना दुटप्पी ठरविण्याची आपल्याकडे रीत आहे. वकिलाचा युक्तिवाद आणि न्यायाधीशाचे मत एकच असले पाहिजे असे नाही, हे मान्य करूनही, १८९७ च्या वकिलाने जे मुद्दे मांडले ते १९०८ च्या न्यायाधीशास इतके फिके का वाटावे, हा प्रश्न मनातून जात नाही.

खास ज्यूरी नेमली गेली, तीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. लेख मराठी, आणि ज्यूरर मराठी न जाणणारे! सर्व निवाडा सरकारी भाषांतरावर अवलंबून होता. टिळकांनी वकील न देता स्वतःच बचाव केला, आणि त्यातील मोठा भाग या भाषांतराचीच चिरफाड करण्यात खर्च झाला. राजकीय विचारांसाठी मराठीत शब्द अद्याप घडत आहेत, आम्ही संपादक इंग्रजी कल्पनांना मराठी शब्द शोधीत असतो, ते शब्द पुन्हा इंग्रजीत नेताना त्यांस मुळात नसलेली धार चढते, असे त्यांचे म्हणणे होते. भाषांतरखात्याच्या साक्षीदाराची उलटतपासणी वाचताना एखाद्या व्याकरणाच्या वर्गात बसल्यासारखे वाटते. परंतु या वर्गातील चुकीची शिक्षा हद्दपारी होती. ज्या भाषेत आपण घरी बोलतो, तिच्यातील एकेका क्रियापदावर एका माणसाची सहा वर्षे टांगलेली होती, हे लक्षात आले म्हणजे त्या शुष्क पानांतही जीव येतो.

टिळकांचे भाषण सर्व मिळून एकवीस तासांवर चालले. त्यात त्यांनी इंग्लंडातील वृत्तपत्रस्वातंत्र्याचा इतिहास मांडला. विरोधी पक्षाच्या पत्रास उत्तर देण्याचा, लोकांच्या भावना सरकारच्या कानावर घालण्याचा संपादकास हक्क आहे, आणि त्या हक्काचे रक्षण करणे हे ज्यूरीचे काम आहे, असे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. म्हणजे ते केवळ स्वतःसाठी दया मागत नव्हते. इंग्रजांनी आपल्या घरी जो नियम पाळला तोच येथे लावा, एवढीच त्यांची मागणी होती. २२ जुलैच्या रात्री दहाच्या सुमारास निकाल लागला. सात विरुद्ध दोन, म्हणजे ज्यूरीतील वर्णाचे आकडे आणि मतांचे आकडे जुळले. सहा वर्षे हद्दपारी आणि हजार रुपये दंड. शिक्षेपूर्वी विचारले असता, ज्यूरीचा निर्णय काहीही असो, आपण निर्दोष आहो, आणि न्यायालयाहून श्रेष्ठ अशी एक शक्ती आहे, तिच्या इच्छेने कदाचित आपल्या मोकळे राहण्यापेक्षा आपल्या यातनांनीच कार्य पुढे जावयाचे असेल, अशा आशयाचे चार शब्द ते बोलले. दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा दिवस संप केला. त्याच महिन्यात ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांनाही राजद्रोहाखाली शिक्षा झाली. मंडालेचा तुरुंग आणि तेथे लिहिलेले गीतारहस्य यांविषयी वाचकांस नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

तिसरा खटला फारसा कोणास आठवत नाही. कदाचित टिळक त्यात जिंकले म्हणून असेल. आपणास हुतात्म्यांच्या पराभवाची जितकी गोडी, तितकी विजयाची नाही. १९१६ च्या मे-जून महिन्यांत टिळकांनी बेळगाव व अहमदनगर येथे स्वराज्यावर व्याख्याने दिली. बादशहा निराळा आणि कारभारी नोकरशाही निराळी, देव बदलावयाचा नाही, पुजारी बदलावयाचे आहेत, असा घरगुती दृष्टान्त त्यांनी योजिला. २३ जुलै हा त्यांचा साठीचा दिवस. पुण्यात गायकवाड वाड्यात सत्कार होऊन एक लक्ष रुपयांची थैली अर्पण होत असतानाच पोलिसांची नोटीसही येऊन पोहोचली. वर्षभर चांगल्या वर्तणुकीबद्दल वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन द्यावेत, असा मॅजिस्ट्रेटने हुकूम केला. उच्च न्यायालयात बॅरिस्टर जिना उभे राहिले. न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी ९ नोव्हेंबर १९१६ रोजी तो हुकूम रद्द केला. एखादे वाक्य वेगळे काढून तोलू नये, संपूर्ण भाषण मोकळ्या व उदार बुद्धीने वाचावे, आणि राज्यकारभारात बदल मागणे म्हणजे राजद्रोह नव्हे, हे या निकालाचे सार होय. कलम तेच, वक्ता तोच, न्यायालयही तेच. वाचण्याची रीत तेवढी बदलली.

येथे एक कटू गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वाणीचा गळा केवळ सरकारच आवळते असे नाही. याच पुण्यात, टिळकांचे एकेकाळचे जिवलग सहकारी आगरकर यांनी ‘सुधारक’ काढून आपली मते निर्भयपणे मांडली, तेव्हा सनातन्यांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला. ती नावे वृत्तपत्रात झळकली आणि केवढे ग्रामण्य माजले! खुद्द रानडे आणि टिळक त्यात सापडले. प्रायश्चित्ताचे खल दोन वर्षे चालले. सरकारी न्यायालयात निदान उलटतपासणीची सोय होती, ग्रामण्यात तीही नव्हती. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो करण्याची गरज एकविसाव्या शतकातही पडावी, यावर आपण ज्ञातिसंस्था चालविणाऱ्यांनी तरी थोडा विचार करावयास हवा. ज्ञातीचे प्रेम असावे, परंतु ज्ञातीविषयी ‘अप्रीती’ हा गुन्हा नसावा.

असो. स्ट्रेचीसाहेबांचा अर्थ टिळकांबरोबर संपला नाही. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादेस महात्मा गांधींनी त्याच कलमाखाली गुन्हा कबूल केला आणि प्रीती कायद्याच्या हुकमाने उत्पन्न करता येत नाही, असे न्यायाधीशांस सांगितले. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या खटल्याचा दाखला देऊनच सहा वर्षांची शिक्षा फर्माविली. पुढे १९४२ साली फेडरल कोर्टाने दंग्याची चिथावणी असल्याखेरीज राजद्रोह होत नाही असे म्हटले. पण १९४७ च्या प्रारंभी, सदाशिव नारायण भालेराव या मराठी नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात, प्रिव्ही कौन्सिलने ते मत झिडकारून पुन्हा जुनाच अर्थ कायम केला. म्हणजे स्वातंत्र्य सहा महिन्यांवर आले होते, तरी अप्रीती हा गुन्हाच होता.

घटना समितीत भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या यादीत प्रथम ‘राजद्रोह’ हा शब्द होता. डिसेंबर १९४८ मध्ये कन्हैयालाल मुन्शी यांनी दुरुस्ती मांडून तो काढविला. घटनेतून शब्द गेला, दंडसंहितेत कलम राहिले. १९५१ साली पंडित नेहरूंनी संसदेत या कलमाची निर्भर्त्सना केली, तरी ते हलले नाही. १९६२ साली केदारनाथ सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम घटनाबाह्य नसल्याचे सांगताना त्याची मर्यादा आखली. हिंसा किंवा अव्यवस्था माजविण्याची प्रवृत्ती असेल तरच गुन्हा, सरकारवरील कडक टीका हा गुन्हा नव्हे, असे ठरले. मात्र १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हा गुन्हा दखलपात्र केला. इंग्रजांच्या काळी या कलमाखाली पोलिसांस वॉरंटाविना अटक करता येत नसे, ती सोय आपल्याच संसदेने करून दिली! २०१२ साली मुंबईत एका व्यंगचित्रकारास याच कलमाखाली अटक झाली, आणि त्या चित्रांत हिंसेची चिथावणी नाही हे उच्च न्यायालयास २०१५ साली सांगावे लागले.

आणीबाणीच्या काळात तर नातू बंधूंची अवस्था सहस्रावधी लोकांच्या वाट्यास आली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने स्थानबद्धांस दाद मागण्याचा मार्ग बंद केला. तो एक आवाज न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचा होता, आणि २०१७ साली त्याच न्यायालयाने तो जुना निकाल रद्दबातल ठरविला. मुंबईच्या उच्च न्यायालयाने मात्र त्या काळातही मिनू मसानी यांच्या मासिकावरील सेन्सॉरच्या आज्ञा अवैध ठरविल्या. दंगा न भडकविणारी टीका दडपणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, ही १९१६ च्या निकालाशी नाते सांगणारी भूमिका होती.

११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२४ अ स्थगित ठेविले. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच इतिहासजमा झाली. नव्या न्यायसंहितेत राजद्रोह हा शब्द नाही. १५२ वे कलम देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयी आहे, आणि त्यासाठी जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. सरकार आणि देश यांत भेद करणारी ही भाषा टिळकांस कदाचित रुचली असती. ती वाचली कशी जाते, स्ट्रेचींच्या रीतीने की बॅचलरांच्या, हे तिच्याखाली येणाऱ्या खटल्यांतून कळेल.

मुंबई उच्च न्यायालयात, १९०८ चा खटला चालला त्या दालनापाशी, एक शिलालेख आहे. टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९५६ साली, मुख्य न्यायाधीश छगला यांनी त्याचे अनावरण केले. टिळकांचे ते शेवटचे शब्द त्यावर कोरलेले आहेत. हेच छगला निवृत्तीनंतर, ऑक्टोबर १९७५ मध्ये, आणीबाणी चालू असताना अहमदाबादेच्या नागरी स्वातंत्र्य परिषदेत उघडपणे बोलले. मुलांना मुंबई दाखवावयास नेणाऱ्यांनी राणीचा बाग, गेटवे यांबरोबर तो शिलालेखही दाखवावा. १८९७ च्या तीन आणि १९०८ च्या दोन ज्यूररांनी विरुद्ध मत दिले, त्यांची नावे मात्र तेथे नाहीत.